चावडीपासून खुल्या यंत्रापर्यंत

बातमीस पाय असतात. परंतु वाट कोणाच्या मालकीची, यावर तिचें चालणें अवलंबून असतें. नांदेड व लातूर या मुलखाचा इतिहास पाहिला म्हणजे हें सहज ध्यानांत येतें. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत येथें निजामाचा अंमल होता. दरबारची भाषा उर्दू, बहुतेक रयतेची मराठी. तेव्हां लोकांचें खरें वर्तमानपत्र म्हणजे गांवची चावडी, आठवड्याचा बाजार आणि माळेगांवच्या खंडोबाची यात्रा. मात्र चावडीवर सर्वांस सारखा मान नव्हता. गांवकुसाबाहेरील माणसाचा शब्द तेथें फारसा चालत नसे. बोलण्याची जागा कोणाची, हा प्रश्न या भूमींत असा जुनाच आहे.

दळणवळणाच्या उणिवेचें मोल लातूरनें फार मोठें मोजलें. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं, गणेशविसर्जनाची रात्र सरतां सरतां, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनीं किल्लारी व आसपासचीं गांवें भूकंपानें कोसळलीं. दगडमातीच्या जाड भिंतींखालीं सुमारें दहा हजार माणसें प्राणांस मुकलीं. ढिगाऱ्याखालील माणसास हांक मारण्यापलीकडे साधन नव्हतें. भारतांतील पहिलें भ्रमणध्वनि-संभाषण कलकत्ता व दिल्ली यांच्यामध्यें झालें, तें ३१ जुलै १९९५ रोजीं; म्हणजे या प्रलयानंतर जवळजवळ दोन वर्षांनीं.

पुढें हें यंत्र सामान्यांच्या हातीं आलें, त्यामागें एका उदार विचाराचा वांटा आहे. १९८३ सालीं अमेरिकेंत रिचर्ड स्टॉलमन यांनीं असा आग्रह धरला कीं, संगणकास दिलेल्या आज्ञांची संहिता सर्वांस वाचतां, सुधारतां आणि वांटतां आली पाहिजे. जात्यावरील ओवी जशी एकीनें गावी, दुसरीनें तींत आपली ओळ घालावी आणि तिसरीनें ती सासरीं न्यावी, तसाच हा प्रकार. १९९१ मध्यें फिनलंडांतील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें ‘लिनक्स’ रचिलें. त्याच्याच पायावर उभारलेलें ‘अँड्रॉइड’ ५ नोव्हेंबर २००७ रोजीं गूगलनें जाहीर केलें व पुढील वर्षीं त्याची संहिता खुली झाली. ती विनामूल्य घेतां येत असल्यामुळें अनेक कारखानदारांस स्वस्त फोन काढणें सोपें गेलें.

प्रारंभीं मात्र या फोनवर मराठीची दैना होई. जोडाक्षरें फुटत, ऱ्हस्व वेलांटी भलत्या जागीं पडे, कित्येकदां अक्षरांऐवजीं नुसते चौकोन दिसत. १९९१ च्या ‘युनिकोड’ संकेतांत देवनागरीस स्थान मिळालें होतें. परंतु अक्षरास क्रमांक देणें निराळें आणि तें पडद्यावर घडविणें निराळें. हें घडविण्याचें काम ‘हार्फबझ’ या खुल्या आज्ञावलीनें सुकर केलें. नांदेडच्या सीमेस तेलंगण लागलेलें, लातूरच्या सीमेस कर्नाटक. मराठी, उर्दू, तेलुगु आणि कन्नड जेथें एका बाजारांत ऐकूं येतात, तेथें एकाच यंत्रावर सर्व लिप्या उमटणें ही चैन नव्हे, गरज होय.

खुलेपणाचें आणखी एक फळ २०१७ सालीं दिसलें. मोझिला संस्थेनें ‘फायरफॉक्स ओएस’चा उद्योग सोडून दिला होता. त्याच संहितेवर ‘कायओएस’ उभें राहिलें आणि १५०० रुपयांच्या परतीच्या अनामतीवर मिळणारा जिओफोन त्यावर चालूं लागला. सप्टेंबर २०१८ पासून त्या बटणांच्या फोनवरही व्हॉट्सॲप आलें.

परंतु येथेंच एक भेद जाणला पाहिजे. जमीन खुली असली, तरी तीवरील वाडा बंद असूं शकतो. व्हॉट्सॲप २०१४ मध्यें फेसबुकनें विकत घेतलें. त्याचे नियम कंपनी ठरविते. १ जुलै २०१८ रोजीं धुळें जिल्ह्यांतील राईनपाडा येथें, मुलें पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून, जमावानें भिक्षेकरी समाजांतील पांच निरपराध माणसांस ठार केलें. अशा अफवा फोनवरून पसरत होत्या. त्याच महिन्यांत कंपनीनें भारतांत संदेश पुढें पाठविण्यास पांच ठिकाणांची मर्यादा घातली. उपाय योग्य असेल. तथापि तो दूर कॅलिफोर्नियांत ठरला, गांवास विचारून नव्हे.

याहून निराळी रचना जर्मनींत २०१६ सालीं ‘मॅस्टोडॉन’च्या रूपानें पुढें आली. तींत कोणतेंही ग्रंथालय वा शाळा आपली स्वतंत्र चावडी मांडूं शकते आणि ती इतर चावड्यांशीं जोडूं शकते. नोव्हेंबर २०१९ मध्यें भारतांतील अनेकांनीं तिकडे धांव घेतली. पण अशी चावडी राखण्यास खर्च व जाणते हात लागतात. शिवाय माणूस अखेर आप्तेष्ट जेथें असतील तेथेंच बसतो.

किल्लारीनें दाखविलें कीं, हांक दूरवर पोंचली पाहिजे. राईनपाड्यानें दाखविलें कीं, पोंचणारी प्रत्येक हांक खरी नसते. संहिता खुली असल्यानें यंत्र स्वस्त होतें, स्वभाषा त्यावर नांदते. परंतु ऐकलेलें पारखण्याचें काम कोणतीही संहिता करीत नाहीं. तें घराघरांत, मुलांसमोर, वडीलधाऱ्यांनींच करावयाचें आहे.