शिपायाच्या पेटींतील पदकें : एक उपेक्षित साधन

ठाणें जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यांत धसईसारख्या गांवीं वडिलार्जित पेटी उघडली म्हणजे संशोधकाचा हात प्रथम मोडी कागदांकडे जातो. जमिनीचे दाखले, कर्जरोखे, पावत्या तो निवडून घेतो. तळाशीं फडक्यांत बांधलेलीं वडिलांचीं पलटणींतील पदकें मात्र शोभेची वस्तु म्हणून बाजूस राहतात. हीं पदकें हाही अस्सल लेखच होय, हें दाखविणें एवढाच प्रस्तुत टिपणाचा हेतु आहे.

पहिल्या महायुद्धानंतर हिंदी शिपायांस मुख्यत्वें दोन पदकें मिळालीं : रुप्याचें युद्धपदक व ब्राँझचें विजयपदक. मजूर तुकड्यांतील लोकांस युद्धपदकही ब्राँझचेंच दिलें. सबब धातु पाहतांच पहिला निर्णय होतो. दोहोंच्या कडेवर रोमन लिपींत नंबर, हुद्दा, नांव व पलटण उठविलेली असते. १९१४-१५ च्या ताऱ्यावर हा मजकूर पाठीमागें आढळतो. नांव लिहिणाऱ्याच्या कानाप्रमाणें उतरलेलें असल्यामुळें ओळख पटविण्यास नंबर अधिक भरंवशाचा. पदक घांसून उजळूं नये. कडेवरील अक्षरें झिजतात.

पलटणीच्या आंकड्यांविषयींही सावध असावें. १९२२ च्या पुनर्रचनेंत १०३, १०५, ११०, ११६ व ११७ या मराठा पलटणी अनुक्रमें पांचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्यापासून पांचव्यापर्यंतच्या बटालियनी झाल्या. पदकावर ‘११०’ व पुढील कागदांत ‘तिसरी’ असें दिसल्यास तेवढ्यावरून माणसें दोन मानूं नयेत. १९१७ मध्यें उभारलेली १११ वी महार पलटण तर युद्धानंतर लवकरच मोडली. तेथील शिपायाच्या घरीं हें पदकच बहुधा शेवटचा पुरावा.

या पुराव्याचें मोल बसऱ्याच्या स्मारकाकडे पाहिल्यास कळतें. २९ एप्रिल १९१६ रोजीं कूत येथें शरण गेलेल्या सैन्यांत १०३, ११० व ११७ या मराठा पलटणी होत्या. मेसोपोटेमियांत मेलेल्या व थडगें ठाऊक नसलेल्या ४०,००० हून अधिक लोकांसाठीं १९२९ मध्यें बसऱ्यास स्मारक उभें राहिलें. त्याच्या दगडावर हिंदी अंमलदारांचीं नांवें कोरलीं. साध्या हिंदी शिपायांची मात्र पलटणवार केवळ संख्या दिली. राष्ट्रकुल युद्धसमाधि आयोगाच्या २०२१ च्या अहवालानें असा भेदभाव झाल्याचें मान्य केलें असून, निदान १,१६,००० मृतांचें नांवानिशीं स्मारक झालेंच नाहीं, असा अंदाज दिला आहे.

उलट, मृताच्या वारसास पदकांबरोबर सुमारें १२ सेंटिमीटर व्यासाची ब्राँझची स्मृतिचकती दिली जाई. तिजवर हुद्दा मुद्दाम घातलेला नसे, केवळ नांव असे. हुद्दा नाहीं म्हणून दगडानें जें नांव गाळलें, तेंच येथें हुद्द्यावांचून मानानें ओतलें गेलें. ताम्रपटाचा मान या चकतीस कां नसावा?

संग्राहकांस विनंति इतकीच, कीं पदक, चकती व कागद यांची फाटाफूट करूं नये. पेटींत जें जसें सांपडलें तें तसेंच टिपून, कडेवरील अक्षरांचा ठसा घ्यावा व मगच वस्तु हलवावी. रुपें सोनाराच्या मुशींत गेलें म्हणजे त्यासह एका शिपायाचें नांवही वितळतें. आणि बसऱ्याचा दगड तें परत देऊं शकत नाहीं.