जपानी बटेराची घरगुती अंडी उबवणी

जपानी बटेराची घरगुती अंडी उबवणी म्हणजे जपानी बटेर (शास्त्रीय नाव: कोटर्निक्स जपोनिका) या पाळीव पक्ष्याची फलित अंडी लहान यंत्रात कृत्रिम उष्णतेवर उबवून पिल्ले मिळवण्याची पद्धत. मराठीत या पक्ष्याला जपानी लाव्ही किंवा लावा असेही म्हणतात. अंडी उबण्यास साधारणतः १७ ते १८ दिवस लागतात. कोंबडीच्या अंड्यांना हाच काळ २१ दिवसांचा असतो.

पार्श्वभूमी

महाराष्ट्राच्या खेड्यांत कोंबडीची अंडी उबवण्यासाठी खुडूक कोंबडी बसवण्याची पद्धत जुनी आहे. पाळीव जपानी बटेरात मात्र अंड्यांवर बसण्याची वृत्ती जवळजवळ नाहीशी झाली आहे. अधिक अंड्यांसाठी पिढ्यान्‌पिढ्या केलेली निवड आणि पिंजऱ्यातील जीवन ही त्याची मुख्य कारणे मानली जातात. त्यामुळे या पक्ष्याची पुढची पिढी जवळजवळ पूर्णपणे माणसाच्या देखरेखीवर अवलंबून असते. खुडूक कोंबडीखाली ही अंडी ठेवता येतात. परंतु १० ते १२ ग्रॅम वजनाचे पातळ कवचाचे अंडे तिच्या भाराने फुटण्याची शक्यता असते.

जपानी बटेर भारतात १९७४ मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्नियातून आणला गेला. उत्तर प्रदेशातील इज्जतनगर येथे त्यावर संशोधन झाले आणि तेथील केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने त्याचे सुधारित वाण विकसित केले. लहान अंडे आणि अल्प उबवण काळ यांमुळे हा पक्षी प्रयोगशाळांतही वापरला जातो. १९९० मध्ये ‘मीर’ या सोव्हिएत अंतराळस्थानकावर जपानी बटेराची पिल्ले अंड्यांतून बाहेर आली होती.

अंड्यांची निवड आणि साठवण

उबवणीसाठी अंडी फलित असणे आवश्यक असते. खाण्यासाठी विकल्या जाणाऱ्या अंड्यांच्या कळपात बहुधा नर ठेवलेले नसतात, म्हणून बाजारातील अंड्यांतून पिल्ले मिळण्याची खात्री नसते. पैदाशीच्या कळपात दोन ते तीन माद्यांमागे एक नर ठेवला जातो. जवळच्या नात्यातील पक्ष्यांचे संकर सतत होत राहिल्यास या पक्ष्यात फलनक्षमता आणि पिल्लांची जगण्याची क्षमता वेगाने घटते.

तडा गेलेली, फार लहान किंवा वेडीवाकडी अंडी वगळली जातात. अंडी धुतल्यास कवचावरील संरक्षक थर निघून जंतूंना वाट मिळते, म्हणून ती धुतली जात नाहीत. निवडलेली अंडी निमुळते टोक खाली करून १५ ते १८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवतात. साठवण सात दिवसांपेक्षा लांबल्यास उबवणक्षमता कमी होत जाते.

उबवणीचे टप्पे

* दिवस १ ते १४ : पंखा असलेल्या यंत्रात तापमान ३७.५ अंश सेल्सिअस आणि सापेक्ष आर्द्रता ५५ ते ६० टक्के ठेवतात. पंखा नसलेल्या यंत्रात अंड्यांच्या वरच्या पातळीवर मोजलेले तापमान सुमारे एक अंशाने अधिक ठेवावे लागते. भ्रूण कवचाच्या आतील पटलाला चिकटू नये म्हणून अंडी दिवसातून किमान तीन ते पाच वेळा फिरवली जातात.
* दिवस १५ पासून : अंडी फिरवणे थांबवून ती आडवी ठेवतात आणि आर्द्रता ६५ ते ७० टक्क्यांपर्यंत वाढवतात. या काळात झाकण उघडल्यास आतील पटल कोरडे पडून पिल्लू कवचातच अडकू शकते.
* दिवस १७ ते १८ : पिल्ले कवच गोलाकार टोकरून बाहेर येतात.

कवचावरील गडद ठिपक्यांमुळे भ्रूणाची तपासणी कोंबडीच्या अंड्याइतकी सोपी नसते. सातव्या दिवसानंतर अंधाऱ्या खोलीत प्रखर विजेरीवर धरल्यास वाढणारे अंडे गडद, तर वांझ अंडे उजळ दिसते.

वारणा खोऱ्यातील परिस्थिती

कोल्हापूर जिल्ह्याच्या पन्हाळा तालुक्यातील वारणानगर हे गाव तात्यासाहेब कोरे यांनी उभारलेल्या सहकारी साखर कारखान्यामुळे आणि दूध संघामुळे ओळखले जाते. वारणा खोऱ्यात पावसाळ्यात हवा दमट, तर हिवाळ्यात कोरडी असते. पावसाळ्यात यंत्रात पाणी ठेवण्याची गरज नाही, हा समज मात्र चुकीचा आहे. बाहेरची हवा २४ अंश सेल्सिअस आणि ९० टक्के आर्द्रतेची असली, तरी ३७.५ अंशांपर्यंत तापल्यावर तिची सापेक्ष आर्द्रता ४० टक्क्यांच्या आसपास येते. हिवाळ्यातील १५ अंश आणि ६० टक्के आर्द्रतेची हवा तापल्यावर ती १६ टक्क्यांपर्यंत उतरते. म्हणून दोन्ही ऋतूंत यंत्रातील भांड्यात पाणी लागते. फरक केवळ पाण्याच्या पृष्ठभागाच्या प्रमाणाचा असतो.

वीजपुरवठा खंडित होणे ही ग्रामीण भागातील मोठी अडचण आहे. अल्पकाळ थंडावा भ्रूण बहुधा सहन करतो. अतिउष्णता मात्र लवकर घातक ठरते. वीज गेल्यास झाकण न उघडता यंत्रावर जाड चादर किंवा घोंगडी टाकतात, परंतु हवेची छिद्रे मोकळी ठेवतात. यंत्र उन्हात किंवा पत्र्याच्या छपराखाली ठेवणे टाळले जाते.

अपयशाची कारणे

न उबलेली अंडी फोडून पाहिल्यास दोष शोधण्यास मदत होते. भ्रूणाचा मागमूस नसल्यास अंडे बहुधा वांझ असते. रक्ताचे कडे दिसल्यास भ्रूण सुरुवातीच्या दिवसांत मेलेला असतो. दीर्घ साठवण किंवा तापमानातील चढउतार ही त्याची नेहमीची कारणे आहेत. पूर्ण वाढलेले पिल्लू कवचात मेल्यास आर्द्रता, वायुवीजन किंवा अंडी फिरवण्यातील त्रुटी संभवते. पिल्ले वेळेआधी निघणे आणि त्यांची नाभी नीट न मिटणे हे अधिक तापमानाचे, तर उशिरा निघणे हे कमी तापमानाचे लक्षण आहे.

पिल्लांची प्राथमिक काळजी

नवजात पिल्लाचे वजन सहा ते आठ ग्रॅम असते. पोटात शोषलेल्या बलकावर ते पहिला दिवस तग धरते, म्हणून अंग सुकेपर्यंत त्याला यंत्रातच ठेवतात. त्यानंतर पिल्ले विजेच्या दिव्याने उबदार केलेल्या पेटीत हलवतात. पहिल्या आठवड्यात तापमान ३५ ते ३७ अंश ठेवून पुढे दर आठवड्यास सुमारे तीन अंशांनी कमी करतात. दिव्याखाली दाटी करणारी पिल्ले थंडी, तर दूर सरकून धापा टाकणारी पिल्ले अतिउष्णता दर्शवतात.

उघड्या पाण्यात बुडून पिल्ले मरण्याचे प्रमाण मोठे असते. त्यामुळे पाण्याच्या उथळ भांड्यात गोट्या किंवा खडे टाकतात. गुळगुळीत कागदावर पाय फाकून अधू होतात, म्हणून खाली गोणपाट किंवा खडबडीत कागद अंथरतात. खाद्य बारीक दळलेले आणि सुमारे २४ ते २७ टक्के प्रथिनांचे असते. सुमारे तिसऱ्या आठवड्यात छातीवरील पिसांवरून नर-मादी ओळखता येतात: नराची छाती तांबूस, तर मादीची ठिपकेदार असते. माद्या सहा ते सात आठवड्यांच्या झाल्यावर अंडी देऊ लागतात.

कायदेशीर बाजू

रानातील लाव्यांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार संरक्षण आहे. त्यांना पकडणे किंवा माळावरच्या घरट्यांतून त्यांची अंडी आणून उबवणे हा गुन्हा ठरतो. २०११ मध्ये केंद्र सरकारने जपानी बटेर पालनाच्या नव्या परवान्यांवरही निर्बंध आणले होते. पुढे पाळीव पक्ष्यांसाठी ते शिथिल करण्यात आले. त्यामुळे उबवणीसाठी अंडी पाळीव पैदास केंद्रातूनच घेतली जातात.

हे सुद्धा पहा

* कुक्कुटपालन
* लावा (पक्षी)
* वारणानगर