० आणि ४५ च्या ओळी का फेकायच्या नाहीत

चिमणीएवढ्या पक्ष्याला पंखातली उडण्याची सगळी पिसं बदलायला किती दिवस लागतात? प्रश्न साधा वाटतो ना? पण त्याचं नीट उत्तर काढण्याची पद्धत सापडायला १९८८ उजाडलं.

१९०० साली जोनाथन ड्वाइट यांनी न्यूयॉर्क भागातल्या गाणाऱ्या पक्ष्यांच्या पिसबदलावर, म्हणजे मोल्टवर, मोठा निबंध छापला. पेशाने डॉक्टर माणूस! पंखाच्या मधल्या भागातलं प्रायमरी पीस आधी गळतं आणि मग क्रम टोकाकडे सरकतो, हे अशा कामातून पक्कं होत गेलं. (युरोपातला स्पॉटेड फ्लायकॅचर मात्र बरोब्बर उलटा जातो.) पण पेंढा भरलेला पक्षी म्हणजे एकाच दिवसाचा फोटो. त्यातून क्रम कळतो, कालावधी नाही.

पुढे ब्रिटनमध्ये जिवंत पक्षी जाळ्यात पकडून, पायात वळं घालून सोडताना प्रत्येक पिसाला गुण द्यायला सुरुवात झाली: जुनं पीस ०, पूर्ण वाढलेलं नवं ५. दहावं पीस इवलंसं, ते सोडायचं. नऊ पिसांचे कमाल गुण ४५.

आता तुम्ही काय कराल? आडव्या अक्षावर तारीख, उभ्यावर गुण, आणि मधून सरळ रेषा. मीही पहिल्यांदा तेच केलं होतं, आणि कालावधी भलताच लांब आला.

कारण बघा. सगळे पक्षी एकाच दिवशी सुरुवात करत नाहीत. हंगामाच्या सुरुवातीला ० वाले आपण वगळतो, म्हणून सरासरी फुगते. शेवटी ४५ वाले वगळतो, उरतात फक्त उशिरा सुरू केलेले, म्हणून सरासरी पडते. रेषा आडवी होते, दिवस वाढतात. १९७६ मध्ये स्टुअर्ट पिम यांनी अक्षांची अदलाबदल सुचवली. त्याने बरंच सावरलं, पण वगळलेले पक्षी बाहेरच राहिले.

१९८८ मध्ये 'आयबिस'मध्ये लेस अंडरहिल आणि वॉल्टर झुकिनी यांनी प्रश्नच बदलला. सुरुवातीची तारीख हीच पक्ष्यागणिक बदलणारी राशी धरायची. मग अमुक तारखेला पक्षी ० वर, मध्ये किंवा ४५ वर असण्याची शक्यता लिहिता येते, आणि 'निरुपयोगी' ओळीही माहिती देतात. हे मॉडेल आज आर मध्ये 'मोल्ट' नावाच्या पॅकेजात तयार मिळतं.