वाटाण्यापासून वालट्यूबपर्यंत

काड्या कुठेही मिळतात. त्या एकमेकींना जोडायच्या कशाने, हा खरा प्रश्न. घरबसल्या, जवळजवळ फुकटात करता येणाऱ्या एका सुंदर खेळाची कुळकथा म्हणजे या सांध्याच्या शोधाची कथा आहे.

बालवाडीचा जनक फ्रीडरिश फ्रोबेल याने तरुणपणी बर्लिनमध्ये एका खनिजशास्त्रज्ञाच्या हाताखाली स्फटिकांच्या संग्रहावर काम केलं होतं. स्फटिकांची ती रेखीव भूमिती त्याच्या मनात घर करून राहिली. १८३७ साली त्याने जर्मनीत ब्लांकेनबुर्गला लहान मुलांसाठी संस्था काढली. ‘किंडरगार्टन’ हे नाव तिला १८४० मध्ये मिळालं. लोकरीचे चेंडू, लाकडी ठोकळे, कागदाच्या घड्या अशा त्याने आखलेल्या खेळांत एक होतं वाटाणाकाम. सुके वाटाणे रात्रभर भिजत घालायचे, सकाळी निथळून त्यांत टोकदार काड्या खुपसायच्या. वाटाणा पुन्हा वाळताना आकसतो आणि काडीला घट्ट धरतो. गोंद नको, खिळा नको. स्वयंपाकघरातल्या डब्यातून भूमिती बाहेर काढणारा हा माणूस मला फार मोठा वाटतो. प्रशियाच्या सरकारने मात्र १८५१ मध्ये त्याच्या बालवाड्यांवर बंदी घातली आणि पुढच्याच वर्षी तो वारला. त्याच्या अनुयायांनी ही पद्धत इंग्लंड-अमेरिकेत नेली.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या मिल्टन गावी, १८९९ च्या सुमारास, एका बालवाडीत बाईंनी मुलांना वाटाणे आणि दातकोरण्या दिल्या. बाकीच्यांनी घरासारखे चौकोनी सांगाडे केले. एका मुलाची नजर फारच अधू होती. दिसत नसल्यामुळे तो हाताने चाचपत गेला आणि जो आकार ढळत नाही तोच ठेवत गेला. त्रिकोणांचा सांगाडा उभा राहिला. हा मुलगा म्हणजे बकमिन्स्टर फुलर. त्रिकोणांनी विणलेल्या प्रचंड घुमटांसाठी तो पुढे जगप्रसिद्ध झाला आणि या वाटाण्यांची आठवण त्याने आवर्जून सांगितली.

लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबीने १९०१ मध्ये भोकं पाडलेल्या धातूच्या पट्ट्या आणि नट-बोल्टांच्या खेळाचं पेटंट घेतलं. तोच पुढे मेकॅनो झाला. पण आपल्याकडे मेकॅनोचा संच बऱ्याच घरांत चैनच होती.

काड्यांच्या सांध्याच्या या प्रश्नाला भारतात वेगळं उत्तर मिळालं. मध्य प्रदेशात १९७२ साली १६ उच्च प्राथमिक शाळांत होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू झाला होता. खेड्यातल्या मुलांनी स्वतः प्रयोग करून विज्ञान शिकावं हा त्याचा आग्रह. पुण्यात टेल्कोत नोकरी करणारे अभियंते अरविंद गुप्ता १९७८ मध्ये वर्षभराची रजा घेऊन तिथे गेले. त्यांच्या हाती आली सायकलची काळी वालट्यूब, म्हणजे चाकाच्या वाल्ववर चढवायची बारीक रबरी नळी. काड्यापेटीतली काडी तिच्यात अगदी घट्ट बसते! शिवाय वाटाण्यात नसलेला गुण तिच्यात आहे: रबर वाकतं. त्यामुळे कोन बदलता येतो, आणि कोणता आकार टिकतो नि कोणता कोलमडतो ते बोटांना कळतं.

कृती सोपी आहे. काड्यांचे गुल मोठ्या माणसाने आधी खरवडून काढावेत. ट्यूबचे साधारण दीड सेंटिमीटरचे तुकडे करायचे. तीन काड्या, तीन तुकडे: त्रिकोण. चार काड्यांचा चौकोन करून एका कोपऱ्यावर दाबलं की तो कलंडतो. त्रिकोण हलत नाही. छपराच्या कैचीत आणि रेल्वेच्या पुलात त्रिकोण का असतात, हे मग कुणी सांगावं लागत नाही. तुकड्याच्या मध्यावर सुईने किंवा बाभळीच्या काट्याने आरपार भोक पाडून त्यात तिसरी काडी टोक काढून घातली, की तीन काड्यांचा सांधा होतो. असे चार सांधे आणि सहा काड्या म्हणजे चतुष्फलक. चिकाटी असेल तर पंचवीस काड्यांचा इग्लूही उभा राहतो, आणि त्यात फुलरचा घुमट ओळखू येतो.

फ्रोबेलपासून गुप्तांपर्यंत सरळ रेघ ओढण्याचा माझा हेतू नाही. दोघांनी आपापल्या मुलांच्या आसपास जे सहज मिळत होतं तेच उचललं, हे साम्य मात्र पक्कं आहे. गुप्तांचं पहिलं पुस्तक याच काड्यांच्या प्रतिकृतींबद्दल होतं. ते बारा भारतीय भाषांत गेलं. पुढे पुण्यात आयुका या खगोलविज्ञान संस्थेच्या आवारातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी वर्षानुवर्षं मुलांसाठी टाकाऊ वस्तूंची खेळणी घडवली. तिची ‘पुलस्त्य’ ही इमारत पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानाच्या देणगीतून उभी राहिली आहे.

या सुट्टीत मुलांना तयार खेळण्याचा खोका आणण्याआधी कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडे घेऊन जा आणि हातभर वालट्यूब मागा. ती मिळाली नाही, तर रात्री वाटाणे भिजत घाला.