कायद्याच्या पोटी आलेला विनोद

लोणावळेकरांना गावाकडचे हॉटेल म्हणजे काय, हे सांगायला नको. 1863 साली बोरघाटातून आगगाडी सुरू झाली आणि मावळातल्या या गावाला मुंबईचा पाहुणा कायमचा जडला. एक जिना, चार खोल्या, नावे बदलून उतरलेली माणसे. एवढ्या भांडवलावर 1930 नंतर विलायतेत कितीतरी स्वस्त विनोदी बोलपट निघाले.

ते निघाले कायद्याच्या धाकाने. अमेरिकन चित्रपटांनी बाजार व्यापला, म्हणून पार्लमेंटने 1927 साली ब्रिटिश चित्रपटांचा ठरावीक हिस्सा सक्तीचा केला. अमेरिकन कंपन्याही वस्ताद! फुटाला सुमारे एक पौंड खर्चून त्यांनी हा हिस्सा भरून टाकला. सगळाच माल टाकाऊ नव्हता. पुढे नावाजलेला मायकेल पॉवेल याच तालमीत तयार झाला.

खरी मेख पुढेच आहे. साम्राज्यातील चित्रपटांना हिंदुस्थानातही असे झुकते माप द्यावे काय, हे पाहण्यास 1927 मध्येच रंगाचारियर समिती नेमली गेली. दादासाहेब फाळक्यांनीही तिच्यापुढे साक्ष दिली. 1928 च्या अहवालात समितीने नकार दिला. उत्तेजन द्यायचे तर देशी धंद्याला द्या, असे उलट सुचवले. सरकारने अहवाल फडताळात ठेवला.

आपल्या विनोदाला मग ना हिश्श्याचा टेकू, ना सरकारी पैसा. तरी 1938 साली हंस पिक्चर्सने अत्र्यांच्या कथेवर मास्टर विनायकांच्या दिग्दर्शनाखाली ‘ब्रह्मचारी’ काढला, आणि लोक आपखुशीने तिकिटे काढून हसले. त्याच वर्षी विलायतेत कायदा बदलून चित्रपटावर किमान खर्चाची अट घालावी लागली.