बोली आणि सचोटी

मदिनेतील एक गरीब अन्सारी पैगंबर महंमदांकडे याचना करण्यास आला. त्याच्या घरी एक जाडेभरडे कांबळे व पाणी पिण्याचा कटोरा एवढीच चीजवस्त होती. पैगंबरांनी ती मागवून जमलेल्या मंडळींत बोलीला काढली. एकाने एक दिरहम देऊ केला. अधिक कोण देतो, अशी दोनतीनदा विचारणा झाल्यावर दुसऱ्याने दोन दिरहम देऊन त्या वस्तू घेतल्या. एका दिरहमाचे अन्न आले, दुसऱ्याची कुऱ्हाड. तिला पैगंबरांनी स्वहस्ते दांडा बसवून दिला आणि पंधरा दिवस लाकडे विकून त्या माणसाने दहा दिरहम मिळविले. नवव्या शतकातील अबू दाऊद यांच्या हदीससंग्रहात ही हकीकत आहे.

पुढील शास्त्रज्ञांना हिचा मोठा आधार झाला. कारण एकाच्या सौद्यावर दुसऱ्याने सौदा करू नये, असा निषेधही परंपरेत होताच. मग लिलाव निषिद्धच ठरतो की काय? इब्राहीम नखई यांना तो रुचत नसे; औझाई यांनी तो युद्धातील लूट व वारशाची मालमत्ता यांपुरताच मानला. बहुसंख्यांनी मात्र मार्मिक भेद केला. विक्रेत्याचे मन एका गिऱ्हाइकाकडे झुकून भाव ठरत आला, की तिसऱ्याने मध्ये पडणे गैर. लिलावात अखेरच्या पुकाऱ्यापर्यंत कोणाचाच सौदा ठरलेला नसतो. (हा पुकारा करणाऱ्यास अरबी बाजारात ‘दल्लाल’ म्हणत. मराठीतील दलाल तोच. ‘लिलाव’ शब्द मात्र पोर्तुगीजांकडून आला.)

खरा कस लागला तो ‘नजश’च्या प्रश्नावर. नजश म्हणजे मुळात शिकाऱ्याने सावज उठविणे. खरेदीचा हेतू नसता दुसऱ्याला चढविण्यासाठी केलेली खोटी बोली, हा त्याचा बाजारी अर्थ. ती पाप, याविषयी दुमत नव्हते. पण फसून घेतलेल्या मालाचे काय? हनफी व शाफिई पंथांत विक्री कायम राहते, पाप खोटी बोली करणाऱ्याच्या माथी. मालिकी पंथ, विक्रेताच त्या कारस्थानात सामील असेल तर, माल परत करण्याची मुभा देतो. हनबलींच्या मते किंमत अवाजवी चढली असेल तर ही मुभा मिळते. नाडलेल्या गिऱ्हाइकाला दुसऱ्याचे पाप मोजून काय लाभ? या दृष्टीने मालिकी निर्णय अधिक व्यवहारी वाटतो.

विक्रेत्यालाही असेच संरक्षण होते. गावाबाहेर जाऊन तांड्याचा माल वाटेतच स्वस्तात उचलणे निषिद्ध होते. बाजारात पोहोचून खरा भाव कळल्यावर तांडेवाल्याला तो सौदा मोडता येई.