केशराखालची माती

जमीन घ्यायला निघालेला आपल्याकडचा जाणता शेतकरी भाव नंतर विचारतो. आधी शेजारच्या विहिरीत डोकावतो, नाहीतर ओढ्याची कड बघतो. काळी माती किती हात आहे, चुनखडी कुठे लागते, मुरूम किती खोल, हे त्या उभ्या कापात दिसते. दख्खनच्या मातीचा इतिहास तसा सरळ आहे. लाव्हारसाचा पाषाण झिजला आणि त्याचीच माती झाली. फार तर नदीने ती उचलून थोडी खाली नेऊन टाकली. माती कुठून आली हा प्रश्न आपल्याला पडत नाही, कारण तिचा बाप तिच्याच खाली पडलेला असतो.

काश्मीरच्या खोऱ्यातल्या करेव्यांचे तसे नाही. करेवा म्हणजे खोऱ्याच्या तळापासून उंच उचललेले, वरून सपाट आणि कडेला सरळ तुटलेले मातीचे पठार. काश्मिरी लोक त्याला वुडर म्हणतात. पांपोरचे केशर पिकते ते अशाच करेव्यांवर. त्यांच्या कडेचा काप खालपर्यंत बघत गेलात तरी ज्याची ही माती झाली तो पाषाण सापडत नाही. वरची माती वाऱ्याने आणलेली आहे, आणि तिच्याखाली एका आटलेल्या सरोवराचा तळ आहे.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, त्यामुळे जहांगीर बादशाहच्या ‘तुझुक’मधला केशराचा उतारा मला वर्गात अनेकदा सांगावा लागतो. मुलांना तो फार आवडतो. पांपोरच्या शेतांत केशर फुललेले होते, वासाने सोबतच्या लोकांची डोकी दुखू लागली, शराबचा प्याला घेऊनही बादशाहचे डोके दुखलेच. मग त्याने फुले खुडणाऱ्या काश्मिऱ्यांना विचारले, तुमचे काय? तर त्यांना डोकेदुखी म्हणजे काय हेच ठाऊक नव्हते. उतारा छानच आहे. पण काश्मीरवर लिहिणाऱ्या बहुतेकांप्रमाणे जहांगीरही फुलापाशी थांबला. चिनार, बर्फ, झरे, गुलाब यांच्यावर दफ्तरेच्या दफ्तरे भरली आहेत. माती मात्र कुणाच्या नजरेत भरत नाही. अकरावीच्या एनसीईआरटीच्या भूगोलात करेव्याची व्याख्या येते, ती हिमनदीची चिकणमाती अशी. खोलवरच्या थरांत ती आहे हे खरे, पण शेतकऱ्याचा नांगर ज्या मातीत चालतो ती ही नव्हे.

सरोवराची गोष्ट काश्मीरमध्ये सगळ्यांनाच ठाऊक आहे. नीलमत पुराणात सतीसर नावाचे सरोवर आहे आणि कश्यप ऋषींच्या तपाने ते रिकामे होते. फारसी परंपरेत हेच काम हजरत सुलैमान यांच्या हुकमाने एक जिन्न करतो. 1665च्या सुमारास औरंगजेबाच्या लव्याजम्याबरोबर काश्मीरला गेलेल्या फ्रेंच वैद्य बर्नियेने हीच कथा ऐकून लिहून ठेवली, आणि त्याच्या लिखाणात कश्यप चक्क ‘पीर’ झाला आहे! बारामुल्लाचा डोंगर या पिराने करामतीने कापला असे तो सांगतो, आणि लगेच पुस्ती जोडतो की आपल्याला तर हे भूकंपाचे काम वाटते.

बर्निये फारसा चुकला नव्हता. सुमारे 40 लाख वर्षांपूर्वी पीर पंजालची रांग वर येऊ लागली, नद्यांची वाट अडली आणि खोऱ्यात सरोवर साचले. त्यात चिकणमाती, वाळू, गोटे, मधूनमधून झाडपाल्याचा कुजून झालेला कोळसा असे थर बसत गेले. सगळे मिळून हजार मीटरहून जास्त. पुढे डोंगर आणखी उचलले गेले, झेलमला बारामुल्लापाशी वाट सापडली, पाणी गेले आणि सरोवराचा तळ उघडा पडला. नद्यांनी तो कापून काढला. जे उरले ते करेवे.

आणि मग या उघड्या तळावर धूळ बसू लागली. थंडीच्या युगांत हिमनद्या खडक दळतात. ते पीठ नद्यांच्या पात्रांत पसरते, वाळते, आणि वारा ते उचलून सपाट जागेवर नेऊन टाकतो. या वाऱ्याच्या मातीला भूगोलात लोएस म्हणतात. चीनचे पिवळे पठार, युक्रेनच्या काळ्या शेतांखालचा पिवळा थर, हे सगळे याच कुळातले. काश्मीरमध्ये तिचा थर काही ठिकाणी वीस मीटरच्या आसपास जातो.

आता हा काप वरून खाली वाचू. सगळ्यात वर नांगराखालचा वीतभर थर, करडा-तपकिरी, हातात चुरगळला तर मैद्यासारखा लागणारा. यात वाळू जवळजवळ नाही, चिकणमाती बेताची, बाकी सगळा पोयटा. त्याच्याखाली रंग गडद आणि तांबूस होतो, ढेकूळ फोडले तर त्याच्या पृष्ठभागांवर चकचकीत पातळ लेप दिसतो. पावसाच्या पाण्याबरोबर वरून झिरपलेली बारीक चिकणमाती इथे येऊन बसलेली असते. आणखी खाली पांढरे ठिपके, चुन्याच्या गाठी. लोएस मुळात चुनखडीयुक्त. वरचा चुना पाण्याने विरघळून इथे उतरला. आणि मग खाली निव्वळ पिवळट, थर नसलेली, एकसारखी धूळ.

खरी गंमत त्याच्याही खाली आहे. पिवळ्या धुळीत मध्येच एक तपकिरी-लाल पट्टा लागतो. मग पुन्हा पिवळी. पुन्हा लाल पट्टा. हे पट्टे म्हणजे एके काळची शेतजमीन म्हणा, अर्थात शेती करायला कुणी नव्हते. हवा उबदार झाली की धूळ यायची थांबे, गवत-झाडे उगवत, मुळे खाली जात, वर सांगितले तसे थर तयार होत. मग पुन्हा थंडी, पुन्हा धूळ, आणि ती जमीन जशीच्या तशी गाडली जाई. 1980च्या दशकात अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेचे डी. पी. अग्रवाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी करेव्यांमधून खोऱ्याच्या जुन्या हवामानाचा माग काढला. बखरी आणि तवारिखा ज्या काळाबद्दल गप्प आहेत, त्याचे दफ्तर या भिंतीत उभे आहे.

या मातीचा एक विलक्षण गुण म्हणजे ती कोरडी असताना उभी राहते. वाऱ्याने आणलेल्या कणांना नदीच्या वाळूसारखी गोलाई नसते, ते एकमेकांत अडकून बसतात आणि चुना त्यांना सांधतो. खणायला मऊ, पण खणल्यावर बाजू ढासळत नाही. श्रीनगरपासून 16 किलोमीटरवर बुर्झहोमला नवाश्मयुगातल्या माणसांनी, इसवी सनापूर्वी 3000च्या सुमारास, याचाच फायदा घेतला. तिथे त्यांनी दगडी हत्यारांनी खड्डे खणले: तोंड अरुंद, पोट रुंद. सगळ्यात मोठा खड्डा वर 2.74 मीटर, तळाशी 4.57 मीटर आणि 3.96 मीटर खोल. आतून मातीचे लिंपण, काहींत उतरायला पायऱ्या. 1935 साली डी टेरा आणि पॅटरसन यांनी ही जागा उजेडात आणली आणि 1960 ते 1971 या काळात पुरातत्त्व खात्याने खणली. हिवाळ्यात माणसे या खड्ड्यांत राहत असे पुस्तकांत लिहिलेले असते. काही पुरातत्त्वज्ञांना ते पटत नाही, ते म्हणतात ही धान्याची साठवण होती. आपल्याकडचे पेव ज्यांनी पाहिले आहे त्यांना हा दुसरा तर्क लगेच समजेल. तोंड लहान, पोट मोठे, हुबेहूब तेच. मला स्वतःला दोन्ही एकाच वेळी खरे असायला हरकत दिसत नाही. वाद काहीही असो, रुंद पोटाचा असा खड्डा भुसभुशीत वाळूत टिकला नसता.

दुसरा गुण पाण्याचा. पोयटा पावसाचे पाणी स्पंजासारखे शोषतो आणि हळूहळू सोडतो. पण करेवा उंच असल्याने नदीचे पाणी त्याच्यावर चढत नाही. पाऊस आला तर वाफसा उत्तम, नाही आला तर तहान. कल्हणाने बाराव्या शतकात राजतरंगिणीत दामोदर राजाची गोष्ट सांगितली आहे. कोरड्या उदरावर (हाच आजचा वुडर) पाणी आणायला त्याने बांध घातला, पण भुकेल्या ब्राह्मणांना अन्न नाकारले, त्यांनी शाप दिला, राजा साप झाला आणि त्या पठारावर पाण्यासाठी वणवण करत राहिला. आज त्याच दामोदर करेव्यावर श्रीनगरचा विमानतळ आहे. सप्टेंबर 2014च्या महापुरात श्रीनगर बुडाले तेव्हा हा विमानतळ सुरू राहिला.

दामोदराला जमले नाही ते सुलतान झैनुल आबिदीन, म्हणजे बडशाह, याने पंधराव्या शतकात मट्टनच्या करेव्यावर करून दाखवले. लिद्दर नदीचे पाणी कालव्याने पठारावर आणले. तोच शाहकुल. याच पठारावर आठव्या शतकातल्या ललितादित्याचे मार्तंड मंदिर उभे आहे.

केशराला मात्र शाहकुल लागत नाही. त्याच्या कंदाला शरदात थोडी ओल हवी आणि बाकी वर्षभर कोरडी, मोकळी जमीन. पाणी साचले की कंद कुजतो. वीतभर खोल लावलेला कंद एकाच शेतात वर्षानुवर्षे वाढतो. चिकणमातीत तो गुदमरेल, वाळूत सुकेल. करेव्याचा पोयटा बरोबर मधला. पांपोरमध्ये केशर आणल्याचे श्रेय लोक ख्वाजा मसूद वली आणि शेख शरीफुद्दीन या दोन सूफींना देतात. आजारी असताना वैद्याला फी म्हणून त्यांनी कंद दिला, अशी कथा आहे. अबुल फझल झेवन गावच्या नागाच्या झऱ्याची कथा सांगतो. कल्हण तर काश्मीरच्या खास गोष्टींत केशराला तेव्हाच गणतो. कोणती कथा आधीची यावर भांडणाऱ्यांना भांडू दे. पीर असो की नाग, बी लावायला जागा याच करेव्याची लागली.

ही जागा ओळखणारे लोक होते ते शेतकरी. वॉल्टर लॉरेन्स 1889पासून काश्मीरच्या जमीन महसुलाची पाहणी करत होता, 1895 साली त्याचे पुस्तक आले. करेव्यांवरच्या मातीचे प्रकार त्याने रंगावरून नोंदवले आहेत: काळपट माती सगळ्यात चांगली, तिला सुर्ह-झमीन म्हणत, तिच्याखालोखाल लाल, आणि पिवळी सगळ्यात वाईट. अक्षरओळख नसलेल्या, बेगार आणि साऱ्याने पिचलेल्या रयतेचे हे ज्ञान. आता मघाचा काप आठवा. पिवळी माती तर खोलवरची. ती शेतात वर दिसते याचा अर्थ, मला वाटते, तिच्यावरचे सगळे वाहून गेलेले असते. पोयट्याचा हा तिसरा गुण, किंवा अवगुण. भिजला की त्याची पकड सुटते, आणि उतारावर गवत काढले की दोन-चार पावसांत ओघळी पडतात.

पण गेल्या पंचवीस वर्षांत पावसापेक्षा मोठे काम जेसीबीने केले आहे. काझीगुंड ते बारामुल्ला रेल्वेमार्ग 2009 साली पूर्ण झाला. खोऱ्याच्या सखल, पाणथळ भागातून जाणाऱ्या त्याच्या भरावासाठी करेव्यांची माती टिपर भरभरून गेली. पुढे रस्त्यांसाठी, वीटभट्ट्यांसाठी, घरांच्या जोत्यांसाठी तेच. रेल्वे नको होती असे कुणी म्हणणार नाही. हिवाळ्यात रस्ता बंद पडलेल्या गावाला तर नाहीच. पण कंत्राटाच्या कागदावर सुर्ह-झमीन आणि पिवळी यांत फरक नसतो, दोन्ही घनमीटरच. सरकारी आकड्यांप्रमाणे 1996-97 साली केशराखाली 5,707 हेक्टर जमीन होती, 2009-10मध्ये ती 3,715 हेक्टर राहिली. घटत्या पावसाचाही त्यात हात आहे, पांपोरच्या शेतांवर चढलेल्या घरांचाही. 2010मध्ये राष्ट्रीय केशर मिशन आले, 2011मध्ये जागतिक अन्न व कृषी संघटनेने या शेतीला वारसा म्हणून मान दिला, 2020मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मानांकन केशराला आहे. मातीला नाही.

करेवा कापून नेला की मागे सपाट जमीन उरते, आणि कुणी म्हणेल की तिच्यावर पुन्हा शेती करा. पण लोएसचा थर संपूर्ण गेला असेल तर खाली लागतो तो सरोवराचा तळ, निळसर-करडी चिकणमाती. तिच्यात पाणी मुरत नाही. पावसाळी हवेत तिच्यावर डबकी साचतात, आणि लावलेला कंद पहिल्याच वर्षी कुजतो.